सहाव्या गटातला डोंगर

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी ‘वह्या’ म्हणत होते आणि तू ‘बाह्या’ ऐकून, कुठल्या स्वेटरच्या म्हणून विचारत होतीस. म्हणून पत्र.

आमच्या कार्यालयात सध्या एकच काम चाललंय. सगळ्या खंडाचा नवा नकाशा. त्यात देशांच्या सीमा नाहीत, शहरं नाहीत. पडलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, एवढ्यावरून जमिनीचे वीस गट पाडायचे. गट संगणक पाडतो. ते बरोबर आहेत का, हे नद्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून मी बघते. नऊशे केंद्रांच्या नोंदी माझ्या टेबलावर आहेत आणि त्यांतलं एकशे बारा नंबरचं केंद्र आपल्या दादाचं.

खरं सांगते, नऊशेंत तसं दुसरं नाही. एकोणीस वर्षांत एक दिवस सुटलेला नाही. पाऊस पडला की नदी चढते, थांबला की उतरते. आमच्या मॅडमनी त्याचा आलेख भिंतीवर लावलाय. कोणी नवीन माणूस आला की त्याच्यापुढे उभं करतात आणि म्हणतात, “नोंद अशी असते.” तो माझा भाऊ हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण दर वेळी मान वर करून बघते.

अडचण एवढीच, की आलेख असा सरळ येतो तो मधल्या चौदा वर्षांचा. पहिली दोन आणि शेवटची तीन वर्षं विस्कटलेली आहेत. पाऊस कोसळतोय तर नदी ढिम्म, आणि कोरड्या ठणठणीत दिवसांत चढलेली. पहिल्या दोन वर्षांचं मी समजू शकते, तेव्हा तो नवखा होता. शेवटची तीन त्याच्या आजारपणाची. काठी टेकत टेकत जायचा, असं तू सांगायचीस. तेव्हा वाचताना चूक होणारच. तरी ती पाच वर्षं गाळायच्या आधी मूळ वह्या एकदा नजरेखालून घालाव्यात असं वाटतं. घरात असतील तर पाठवशील का?

तुझे गुडघे कसे आहेत?

ठकू

२१ जानेवारी

ठकू,

गुडघ्यांचं विचारलंस म्हणून सांगते, त्यांचं आणि माळ्याच्या शिडीचं सध्या बोलणं बंद आहे. वह्या माळ्यावरच आहेत. समोरच्या शिंपीणबाईला चढ म्हणावं, तर ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तुला ती आठवत असेल. ह्यांच्या जोडीला नदीवर जे असायचे, त्यांची बायको. ते गेल्यापासून तिनं दुकान काढलंय. रोज चारला आम्ही दोघी चहा पितो. मला कमी ऐकू येतं आणि तिला बोलायला कमी लागतं, त्यामुळे जमतं.

ह्यांच्या शेवटच्या तीन वर्षांचं म्हणशील तर खुशाल गाळून टाक. आजारी माणसाचं काम ते. आलेख भिंतीवर लागलाय हे वाचून बरं वाटलं. तो राहू दे तिथेच.

पण वीस गट ते कसले? पाण्याचं काय एवढं? पडतं आणि जातं. मला समजेल असं लिही, खात्याच्या भाषेत नको. आमच्या डोंगराला कुठल्या गटात बसवलंत?

वहिनी

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुला समजेल असं लिहिते. जे तुला समजणार नाही ते मलाही समजलेलं नाही असं धरू.

पडलेल्या पाण्याला तीनच वाटा असतात. उतारावरून पळायचं, जमिनीत मुरायचं किंवा उन्हानं उडून जायचं. आम्ही खंडाचे त्रेचाळीस हजार तुकडे केले. प्रत्येकाबद्दल संगणकाला तीन गोष्टी सांगितल्या. उतार किती, खालचा खडक पाणी आत घेतो की नाही, आणि पाऊस जास्त की ऊन जास्त. त्यावरून एकसारख्या वागणाऱ्या तुकड्यांचे गट पडले. इथून हजार कोसांवरचा एखादा डोंगर आणि तुमचा डोंगर एकाच गटात येऊ शकतो, जसे दोन परके लोक एकाच स्वभावाचे निघतात.

गटांना नंबर आहेत, पण आम्ही आपसांत नावं पाडलीत. दोन नंबरला ‘कंजूष’ म्हणतो. सगळं पाणी वाळूत दाबून ठेवतो आणि थेंब थेंब सोडतो. अकरा म्हणजे ‘तवा’, पडायच्या आत उडतं. तुमचा डोंगर सहाव्या गटात, ‘उधळ्या’. तीव्र उतार, कठीण खडक, आज पडलेलं उद्यापर्यंत नदीत. खडकांचा जुना नकाशा तसंच सांगतो आणि दादाच्या चौदा वर्षांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच्या जोरावर त्याच खडकाचे आणखी सदतीस तुकडे मी सहाव्या गटात घातलेत.

तुझ्या पत्राप्रमाणे शेवटची तीन वर्षं गाळते, त्यांच्याबरोबर पहिली दोनही.

हे सगळं नुसतं भिंतीवर लावायला नाही बरं. कारखान्यांचा विषारी कचरा पुरायला जागा शोधणारं एक खातं आहे, त्यांनी सहाव्या गटाची यादी मागितलीय. पाणी आत शिरत नाही म्हणजे विषही खाली जाणार नाही, असा हिशेब. तुमच्या डोंगरामागची बंद पडलेली दगडखाण त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. वीस मेला सुनावणी. गावापासून बारा किलोमीटर लांब आहे, तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही.

ठकू

२६ फेब्रुवारी

ठकू,

ती शेवटची तीन वर्षं गाळू नकोस. पहिली दोनही ठेव. भिंतीवरचा आलेख काढा. कारण विचारू नकोस.

काल खाण मोजायला माणसं आली होती. त्यांतल्या एकाच्या पँटची चेन तुटली म्हणून तो शिंपीणबाईच्या दुकानात आला. मी तिथेच बसले होते. चेन बसेपर्यंत टेबलामागे उभा राहून गप्पा मारत होता. “डोंगर आतून एकदम कोरडा आहे, मावशी. अशी जागा शोधून सापडायची नाही.” शिंपीणबाईनं दात लावून दोरा तोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्याचं मला रात्रंदिवस वाईट वाटतंय.

गावाचं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून येतं, हे तुला माहीत आहे ना?

वहिनी

६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावू नकोस, पण असं चालत नाही. दीड महिन्यापूर्वी तूच गाळ म्हणालीस, आता ठेव म्हणतेस, आणि कारण विचारायचं नाही. मी मॅडमना काय सांगू? आमच्या वहिनीला तसं वाटतं म्हणून?

मला तुझी अडचण समजते असं वाटतं. त्या तीन वर्षांतलं त्याचं अक्षर हे शेवटचं अक्षर. ते रद्द झालं असं लिहायला मलाही जड जातंय. पण आजारपणात हुकलेल्या आकड्यांनी त्याची किंमत कमी होत नाही. उलट चौदा वर्षं उभी आहेत, ती त्याची.

झऱ्याचं मला माहीत आहे. झरा छोटा आहे, आमच्या नकाशात तो वरच्या मातीतल्या पाण्याचा धरलाय. खाणीशी त्याचा संबंध लागत नाही. वह्या असत्या तर काही बोलता आलं असतं.

ठकू

१५ मार्च

ठकू,

वह्या पोस्टानं वेगळ्या पाठवल्या आहेत. शिडी शिंपीणबाईनं धरली, चढले मी. आता कारण लिहिते. एका बैठकीत लिहिते, नाहीतर राहून जाईल.

शेवटच्या तीन वर्षांतलं अक्षर ह्यांचं नाही. माझं आहे. ह्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा ह्यांच्यासारखं लिहायला मी आठ दिवसांत शिकले. सहीसुद्धा. काठी टेकत जायचे हे मी तुला खोटंच सांगितलं. नदीतली पाणी मोजायची पट्टी मी वाचली, रोज सकाळी साडेसातला, पायरीवर बसून, कारण उभं राहून वाचलं तर दोन बोटांचा फरक पडतो. हे मला ह्यांनीच शिकवलं. त्या तीन वर्षांतला एकही आकडा चुकलेला नाही.

चुकलेली आहेत ती मधली चौदा वर्षं.

कामाला लागल्यावर पहिली दोन वर्षं हे आणि शिंपीणबाईचा नवरा दोघं मिळून नदी बघायचे. एकजण पट्टीशी उतरायचा, दुसरा काठावर वही घेऊन. तिसऱ्या वर्षी खूप पाऊस झाला आणि थांबला. चांगलं ऊन पडलं. पाऊस थांबून बारा दिवस झाले होते. पट्टीचा खालचा तुकडा वाकला होता, तो सरळ करायचा होता. शिंपीणबाईचा नवरा म्हणाला, “उतरू का?” हे म्हणाले, “उतर बिनधास्त. बारा दिवसांत थेंब नाही, पाणी येणार कुठून?” तो उतरला. पाणी आलं. पाऊस नाही, ढग नाही, आणि नदी आली. ह्यांनी ओढायला हात दिला, पण तो पोचला नाही. कागदावर ‘पाय घसरला’ असं गेलं. तुला आम्ही तेवढंच सांगितलं होतं.

त्यानंतर हे नदीवर गेले नाहीत. एकदाही नाही. मला ते कळायला पाच वर्षं लागली. रोज सकाळी सातला वही घेऊन निघायचे, साडेआठला परत यायचे, टेबलाशी बसून आकडा भरायचे. पावसाचे दिवस होते, आणि ह्यांचे बूट कोरडे. तेही मी आधी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस विचारलं, “नदी किती आज?”

“एक मीटर पाच.”

“मी आत्ता पुलावरून आले. पायऱ्या बुडाल्यात.”

ह्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “पावसावरून काढतो मी. पाऊस बघायचा आणि त्यानुसार नदी लिहायची. पाऊस वाढला तर वाढवायची, थांबला तर उतरवायची. ती तशीच वागायला पाहिजे.”

मी म्हटलं, “पण ती तशी वागत नाही.”

“माहीत आहे,” म्हणाले.

तुझ्या भिंतीवर आहे ती ही नदी, ठकू. अंगणातल्या पावसाच्या मापावरून टेबलाशी बसून केलेली. म्हणून ती एवढी सरळ आहे.

मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. कोणाचं काय बिघडतं, असं वाटलं. सरकारी वही, कोण उघडून बघतंय. ह्यांची नोकरी होती, ह्यांचं नाव होतं, आणि समोरच्या दुकानात ती बसलेली असायची.

मी नदीवर जायला लागले तेव्हा परत येऊन रोज ह्यांना आकडा सांगायचे. हे डोळे मिटून ऐकायचे. “पाऊस नाही आणि वाढतेय?” “हो.” “किती दिवस झाले थांबून?” “अकरा.” “लिही,” म्हणायचे. तीन वर्षं असंच चाललं. डोंगरावर पडलेलं पाणी आत कुठेतरी जातं आणि दोन-अडीच आठवड्यांनी खाली येतं, हे आम्हा दोघांना घरबसल्या समजलं. सांगायला मात्र कोणी नव्हतं. सांगितलं असतं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटातलं आहे. खाणीत काही पुराल तर ते आमच्या नळाला येईल.

खोटी सही केल्याबद्दल तुमच्या कार्यालयानं माझं काय करायचं ते करावं. शिंपीणबाईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

वहिनी

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. वह्याही मिळाल्या. उत्तर लिहिलं नाही, कारण पहिले काही दिवस मला तुझाच राग आला होता. दादाचा यायला हवा होता, पण तो यायला तयार नव्हता. मग तुझा आला. इतकी वर्षं दर सुट्टीला मी तुमच्याकडे येत होते आणि तू माझ्या ताटात वाढत होतीस, आणि एका शब्दानं बोलली नाहीस. ते असो. आता तो ओसरलाय.

मग मी जे मला येतं ते केलं. मधली चौदा वर्षं बाजूला ठेवली, पहिली दोन आणि तुझी तीन एकावर एक ठेवून बघितली. वहिनी, ती जुळतात. पाऊस आणि नदी यांच्यात सोळा ते अठरा दिवसांचं अंतर, पहिल्या दोन वर्षांतही आणि तुझ्यातही. मध्ये चौदा वर्षं गेलीत आणि वाचणारी माणसं वेगळी आहेत, पण नदी एकच आहे. हे माझ्या टेबलावर सबंध वेळ पडलेलं होतं. मी त्याला आजारपण आणि नवखेपण म्हणून मोकळी झाले होते, कारण मला भिंतीवरचा आलेख आवडत होता.

मॅडमकडे गेले. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या.

“म्हणजे भिंतीवरचा आलेख खोटा?”

“हो.”

“आणि हे मोजणीदार तुमचे कोण?”

“सख्खा भाऊ.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “काढायला शिपायाला सांगू?”

“मी काढते,” म्हटलं. खुर्चीवर चढून काढला. मागे भिंतीचा रंग वेगळा निघाला.

पण त्यांनी डोंगराचा गट बदलायला नकार दिला. त्यांचंही चुकत नाही. एका बाजूला पाच वर्षं, दुसऱ्या बाजूला चौदा, आणि पाचांतल्या तीन वर्षांची नोंद घेणारी बाई कागदावर अस्तित्वातच नाही. “उद्या सुनावणीत समोरचा वकील दोन मिनिटांत उडवेल,” म्हणाल्या. त्यांना प्रत्यक्ष पुरावा हवा. म्हणून अठरा एप्रिलला आमची माणसं खाणीत रंग सोडायला येतील. हिरवा असतो, पोटात गेला तरी अपाय नाही. खाणीच्या तळाशी भेग आहे, त्यात ओतायचा. झऱ्यावर रोज सकाळी पाण्याची एक बाटली भरायला विश्वासाचं माणूस हवं. बाटलीवर तारीख, वेळ. मी तुझं नाव दिलंय. या वेळी सही तुझीच कर.

आणि एक विचारायचं होतं. तो रोज दीड तास जायचा कुठे?

ठकू

७ मे

ठकू,

रंग आला. पाच मेला, सकाळी सात चाळीसला. अठराला ओतला होता, म्हणजे सतरावा दिवस. तुमच्या माणसानं सांगितलं होतं, रंग इतका फिका असेल की नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, यंत्रावरच कळेल. तसं काही झालं नाही. झऱ्याच्या कुंडात पाणी हिरवं झालं होतं. सोळा दिवस मी नितळ पाणी भरून आणत होते आणि मनात म्हणत होते, आपण चुकलो तर बरं होईल. तीन वर्षं वाचलेलं सगळं चुकलेलं निघालं तरी चालेल, पाणी खाणीतलं नसावं. त्या दिवशी बाटली भरली, बूच लावलं, तारीख घातली आणि तिथेच पायरीवर बसले.

दुपारपर्यंत गावात सगळ्यांच्या नळाला हिरवट पाणी. अपाय नाही म्हणून आधी दवंडी दिली होती, तरी लोक बादल्या घेऊन रस्त्यावर आले. तो पँटच्या चेनवाला माणूस पुन्हा आला होता, दोन साहेबांना घेऊन. नळाखाली ग्लास धरला, उजेडात बघितला आणि ओतून टाकला. कोरड्या डोंगराबद्दल या वेळी बोलला नाही.

शिंपीणबाईला मी रंग ओतला त्याच दिवशी सांगितलं. तुमच्या अहवालात छापून यायच्या आधी तिनं ते माझ्या तोंडून ऐकावं असं वाटलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “उतर बिनधास्त, असं हे म्हणाले होते.”

तिनं मशीन थांबवलं. “मला ठाऊक आहे,” म्हणाली. “तिसऱ्या दिवशी येऊन सांगून गेला होता. इथेच उभा होता, तू आहेस तिथे.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? मी दार लावून घेतलं.” मग सुईत दोरा ओवत म्हणाली, “नंतर उघडायला पाहिजे होतं. राहून गेलं.”

एवढंच. तिनं पुन्हा मशीन चालू केलं. मी तिथे स्टुलावर बसून राहिले. चारला चहा मी केला.

बावीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना जपत होतो, ठकू, एकाच गोष्टीपासून.

बाटल्या पेटीत भरून पाठवल्या आहेत. सही माझीच आहे. अक्षर थोडं ह्यांच्यासारखं वाटेल, त्याला आता इलाज नाही.

वहिनी

२४ मे

प्रिय वहिनी,

वीस तारखेची सुनावणी अर्ध्या तासात संपली. खाण यादीतून काढली. समोरच्या वकिलानं चौदा वर्षांचा आलेख पुढे केला होता. मॅडम उठून म्हणाल्या की तो आमच्या कार्यालयानं रद्द केलेला आहे. मग त्यांनी तुझ्या बाटल्यांचा तक्ता ठेवला. वकिलानं विचारलं, या बाई कोण? मॅडम म्हणाल्या, “त्या केंद्राच्या मोजणीदार.” मला वाटलं त्यांनी ‘मोजणीदाराच्या पत्नी’ म्हणायला हवं होतं, नियमाप्रमाणे. पण मी टोकलं नाही.

खोट्या सहीबद्दल तुला एक पत्र येईल. कडक भाषेत असेल. वाच आणि ठेवून दे, त्यापुढे काही होणार नाही असं मॅडमनी सांगितलंय.

डोंगर आता चौदाव्या गटात गेला. आत घेतो, दिसू देत नाही, उशिरा सोडतो. त्याला आम्ही अजून नाव पाडलेलं नाही. दादाच्या भरवशावर सहाव्या गटात टाकलेले सदतीस तुकडे मी परत काढलेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी पायथ्याशी वस्ती आहे. सगळीकडे रंग सोडून बघायचा तर दोन वर्षं तरी जातील. नकाशा तेवढा लांबला. कार्यालयात सगळे नाराज आहेत, पण तोंडावर कोणी बोलत नाही.

नकाशाच्या परिशिष्टात एक टीप जाते. ती मी लिहिलीय, आणि तुला विचारल्याशिवाय छापायला देणार नाही. अशी आहे:

‘केंद्र ११२. पहिली दोन व शेवटची तीन वर्षे ग्राह्य. मधली चौदा वर्षे रद्द. नदीची पातळी प्रत्यक्ष वाचलेली नाही. शेवटच्या तीन वर्षांचे वाचन मोजणीदाराच्या पत्नीने केले. पावसाची नोंद एकोणीसही वर्षे ग्राह्य.’

शेवटचं वाक्य मी भावाच्या मायेनं घातलेलं नाही. शेजारच्या तीन केंद्रांशी ताडून बघितलं. पावसाच्या बाबतीत त्याची एक चूक निघाली नाही. अंगणातलं माप तो रोज वाचत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस रजा मिळतेय. येऊ का? चोवीस वर्षं मी या नदीचे आकडे आणि गप्पा ऐकतेय, पण पट्टीपाशी कधी उतरलेली नाही. दादा नेहमी म्हणायचा, निसरडं आहे, पुढच्या वेळी नेतो.

तो रोज सकाळी कुठे जायचा, ते तू लिहिलं नाहीस.

ठकू

१ जून

ठकू,

टीप बरोबर आहे. छाप. ‘पत्नीने केले’ याच्या आधी ‘रोज’ घाल.

कडक पत्र आलं. मी वाचलं, मग शिंपीणबाईनं मोठ्यानं वाचलं. भाषा खरंच कडक आहे.

जरूर ये. खाली रबराचे तळवे असलेले बूट आण, सपाता नकोत. आठवडाभर पाऊस नाही, म्हणून पाणी कमी असेल असं समजू नकोस. आधी मी उतरून बघेन, मग तू. पट्टी अजून आहे. वाचायला कोणी येत नाही, मीच अधूनमधून जाते. आकडा कुठे लिहीत नाही, नुसता बघून येते.

हे सकाळी कुठे जायचे ते मला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. ह्यांना मी कधी विचारलं नाही. जिथे जात असतील तिथे जाऊ देत, असं वाटायचं. तुझं पत्र आल्यावर शिंपीणबाईला सहज विचारलं, तर तिला ठाऊक होतं. बाजाराच्या टोकाला बसचा जुना थांबा आहे, पत्र्याचा. दूध आणायला ती तिकडे जायची. चौदा वर्षं रोज सकाळी हे तिथल्या बाकावर बसलेले दिसायचे, वही मांडीवर, मिटलेली. पहिली बस आली की लोक चढायचे, बस जायची, आणि हे उठून घरी यायला निघायचे. दोघांनी एकमेकांना बघितलं की ती मान हलवायची, हेही हलवायचे. तिनं मला कधी सांगितलं नाही.

काल मी तिथे जाऊन आले. बाक अजून आहे. थोडा वेळ बसले. तू आलीस की तुलाही नेईन. लांब नाही, आणि वाट सपाट आहे.

तिथून नदी दिसत नाही.

वहिनी